नाव नसलेली गिटार

समजा, आपल्यासमोर टेबलावर एक जुनी इलेक्ट्रिक गिटार ठेवली आहे. सपाट, भरीव लाकडाची. मधासारखा पिवळसर रंग आणि त्यातून दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा. तारांच्या खाली एक काळी पट्टी, वर दोन बटणे. वरच्या टोकाला, जिथे खुंट्या बसवलेल्या असतात तिथे, कंपनीचे नाव आहे: 'फेंडर'. त्याच्या शेजारी मॉडेलचे नाव असायला हवे. ते नाही. जागा कोरी आहे.

या कोऱ्या जागेचा अर्थ काय लावायचा? निदान चार शक्यता दिसतात. एक, नाव होते, पण वापरताना घासून गेले. दोन, कोणीतरी ते मुद्दाम खरवडून काढले. तीन, ही गिटार जुनी नाहीच, जुन्यासारखी दिसावी म्हणून अलीकडे बनवलेली आहे. आणि चार, ही गिटार कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच तिच्यावर नाव नव्हते.

चौथी शक्यता खरी असेल, तर ही गिटार १९५१ सालातल्या काही महिन्यांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तयार झालेली आहे. संग्राहक तिला 'नोकास्टर' म्हणतात आणि तिच्यासाठी अनेक लाख रुपये मोजतात. पहिल्या तीनपैकी एखादी शक्यता खरी असेल, तर किंमत कितीतरी कमी होते, आणि तिसऱ्या शक्यतेत तर कोणीतरी कोणालातरी फसवत असण्याची भीती असते. तेव्हा निर्णय करायचा कसा?

हा प्रश्न संगीताचा वाटला, तरी तो आपल्या रोजच्या कामापासून फार दूर नाही. नाण्याचे वय, ताम्रपटाचा खरेखोटेपणा, उत्खननातल्या थराचा काळ ठरवताना हेच करावे लागते. गिटारच्या बाबतीत सोय एवढीच, की सगळा पुरावा एका वस्तूत आहे आणि तो समजायला शाळेतले विज्ञान पुरते.

तार बोलते कशी?

आधी हे वाद्य काय आहे ते पाहू. साध्या गिटारमध्ये लाकडाची पोकळ पेटी असते. तारेचे कंपन घोडीतून पेटीला मिळते, पेटी हवेला हलवते आणि आवाज मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम पेटीकडून काढून घेतलेले असते. तारांच्या खाली लहान चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक, इनॅमलचा लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. या जोडणीला 'पिकअप' म्हणतात. गिटारची तार पोलादी असल्याने चुंबकाजवळ तीही चुंबकित होते. ती हलली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. तार सेकंदाला ११० वेळा हलली, तर हा दाबही सेकंदाला ११० वेळा वरखाली होतो. तो ॲम्प्लिफायरने वाढवायचा आणि लाउडस्पीकरला द्यायचा.

इथे पेटीची गरजच उरत नाही. उलट पेटी त्रासदायक ठरते. लाउडस्पीकरचा आवाज पोकळ पेटीला हलवतो, पेटी तारांना हलवते, तारा पुन्हा लाउडस्पीकरला, आणि शेवटी एक कर्कश किंकाळी उठते. शाळेच्या कार्यक्रमात माइक लाउडस्पीकरजवळ गेला की जे होते तेच हे. भरीव लाकूड सहजासहजी हलत नाही, म्हणून भरीव गिटारने हा त्रास बराच कमी केला.

ही कल्पना एका माणसाची नव्हे. जॉर्ज ब्यूशाँ आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस ॲल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची विजेची गिटार बाजारात आणली. तिच्या गोल आकारामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. ब्यूशाँने १९३४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट १९३७ मध्ये मिळाले. पुढे १९४८ मध्ये पॉल बिग्सबी या कारागिराने मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव बांध्याची, सर्व सहा खुंट्या एकाच बाजूला असलेली गिटार बनवली. लिओ फेंडर यांचे वैशिष्ट्य वेगळे होते. १९०९ मध्ये जन्मलेल्या फेंडर यांचे शिक्षण हिशेबनिसाचे होते आणि फुलरटन या गावात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी हे वाद्य कारखान्यात, सुट्या भागांतून, मोठ्या संख्येने बनवता येईल असे रचले. बांधा वेगळा, दांडी वेगळी, आणि दोन्ही चार स्क्रूंनी जोडायचे. दांडी खराब झाली तर बदलून टाकायची.

स्क्रूची ही जोडणी लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे, आणि उपद्रवही.

एका शब्दाला लागलेली कात्री

फेंडर यांच्या कंपनीने १९५० मध्ये ही भरीव गिटार विक्रीला काढली. आधी एका पिकअपची 'एस्क्वायर', आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोन पिकअपची, दांडीत पोलादी सळई घातलेली 'ब्रॉडकास्टर'. त्या काळी अमेरिकेत रेडिओचे मोठे वेड होते आणि ब्रॉडकास्टर म्हणजे प्रक्षेपण करणारा, हे नाव साहजिक होते.

फेब्रुवारी १९५१ मध्ये फेंडर कंपनीला एक तार आली. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची ग्रेच ही १८८३ पासूनची जुनी वाद्यनिर्मिती कंपनी. ती याच नावाचे ड्रम विकत होती. तिच्या नावात इंग्रजी 'सी' ऐवजी 'के' हे अक्षर होते, एवढाच फरक. आपण देवनागरीत लिहिले तर तेवढाही फरक उरत नाही. नाव आमचे आहे, ते वापरू नये, असे ग्रेच कंपनीचे म्हणणे होते. फेंडर कंपनी लहान होती. तिने वाद न घालता नाव सोडले.

पण कारखान्यात छापून ठेवलेल्या नावांचा साठा होता. गिटारवरचे नाव म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचा छापील पापुद्रा. त्यावर 'फेंडर' आणि 'ब्रॉडकास्टर' हे दोन शब्द एकत्र छापलेले. साठा टाकून देण्याऐवजी कामगारांनी दुसरा शब्द कात्रीने कापला आणि उरलेला तुकडा गिटारवर चिकटवला. विक्रीचे काम पाहणाऱ्या डॉन रँडल यांनी नवे नाव सुचवले 'टेलिकास्टर'. टेलिव्हिजनचे युग येऊ घातले होते, त्याला साजेसे. हे नाव असलेले पापुद्रे १९५१ च्या उत्तरार्धात गिटारवर दिसू लागले. मधल्या काळातल्या गिटारवर मॉडेलचे नाव नाही. 'नोकास्टर' हे नाव कंपनीने त्या वेळी कधीच वापरले नाही. ते संग्राहकांनी मागाहून दिले.

म्हणजे कोरी जागा हा पुरावा ठरू शकतो. पण तो फार कच्चा पुरावा आहे. नाव नसणे ही सर्वांत सोपी बनवाबनवी आहे. एखाद्या साध्या जुन्या टेलिकास्टरवरचा शब्द ब्लेडने खरवडला की काम झाले. शिवाय १९९५ पासून खुद्द फेंडर कंपनीच नोकास्टरच्या मुद्दाम जुनाट केलेल्या प्रतिकृती विकत आली आहे. रंग उडालेला, धातू गंजलेला, सगळे ठरवून केलेले. कंपनी त्या नव्या म्हणूनच विकते, त्यात लबाडी नाही. पण अशी गिटार दोन-तीन हात बदलून गेली की चौथ्या माणसाला काय सांगितले जाईल, याचा भरवसा कोणी द्यावा?

क्रमांक आणि पेन्सिल

कोणालाही पहिल्यांदा सुचते ते म्हणजे अनुक्रमांक पाहणे. या गिटारमध्ये तो घोडीच्या धातूच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. १९५४ च्या सुमारास तो तिथून निघून दांडी जोडणाऱ्या मागच्या पत्र्यावर गेला. म्हणजे १९५१ ची म्हणून दाखवलेल्या गिटारचा क्रमांक मागच्या पत्र्यावर असेल, तर काहीतरी चुकते आहे हे निश्चित. पण क्रमांकावरून नेमका महिना सांगता येईल का? येत नाही. क्रमांक ठोकलेले पत्रे एका खोक्यात पडलेले असत आणि हाताला येईल तो पत्रा कामगार उचलत असे. त्यामुळे लहान क्रमांकाची गिटार मोठ्या क्रमांकाच्या गिटारनंतर तयार झालेली असू शकते. क्रमांक दिसला की तो कालक्रमच असेल, असे आपण गृहीत धरतो. ते आधी तपासून पाहावे लागते.

आता मागचे चार स्क्रू काढू. दांडी सुटी होते. तिच्या खालच्या टोकाला, जो भाग बांध्याच्या खाचेत झाकला जातो तिथे, पेन्सिलीने तारीख लिहिलेली आढळते. बऱ्याचदा सोबत आद्याक्षरेही असतात. समजा, आपल्या गिटारवर '५-१०-५१' असे लिहिले आहे. आपण लगेच वाचू, ५ ऑक्टोबर १९५१. मग ही नोकास्टर नव्हे, कारण तोवर टेलिकास्टर हे नाव लावले जाऊ लागले होते. पण थांबा. अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. ही तारीख १० मे १९५१ आहे आणि ती बरोबर बिननावाच्या महिन्यांत पडते. पुरावा वाचताना तो लिहिणाऱ्याची रीत माहीत नसेल, तर आपण पाच महिने चुकतो.

तरीही ही तारीख दांडीची आहे, गिटारची नव्हे. दांडी तयार होऊन काही आठवडे पडून राहिली असेल. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ती चार स्क्रूंनीच जोडलेली आहे. १९५१ ची दांडी आणि भलताच बांधा असा संकर कोणालाही घरी बसून करता येतो. म्हणून बांध्यातल्या खाचेत पेन्सिलीची तारीख आहे का, ती दांडीच्या तारखेशी जुळते का, हे पाहावे लागते. खाचेत दांडी घट्ट बसते की नाही आणि दोन्हीकडच्या स्क्रूंची भोके एकमेकांसमोर येतात की नाही, हेही पाहतात. दांडीत बुजवलेले जादा भोक दिसले, तर ती कधीतरी दुसऱ्या बांध्याला जोडलेली होती असे समजावे.

स्क्रू, बटणे आणि सोल्डर

यानंतर येतात ते अगदी किरकोळ भाग. खोटे करणारा नावाकडे, रंगाकडे लक्ष देतो. स्क्रूकडे त्याचे दुर्लक्ष होण्याची शक्यता जास्त.

काळी पट्टी पाच स्क्रूंनी बसवलेली असते. १९५१ च्या गिटारवर या स्क्रूंना एकच सरळ खाच असते. फुलीची खाच असलेले, ज्यांना आपण 'स्टार स्क्रू' म्हणतो, ते अमेरिकेत १९३० च्या दशकापासून मिळत होते, पण फेंडरच्या कारखान्यात ते १९५० च्या दशकात पुढे आले. १९५५ पर्यंत काळ्या पट्टीची जागा पांढरीने घेतली आणि १९५९ मध्ये स्क्रूंची संख्या पाचावरून आठावर गेली. तारा ज्यांवरून जातात ती घोडीवरची तीन नळकांडी सुरुवातीला पितळेची होती, नंतर पोलादी झाली. दांडी मेपल लाकडाच्या एकाच तुकड्याची. आतली सळई मागून बसवून ती खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवलेली, त्यामुळे दांडीच्या पाठीवर एक गडद रेघ दिसते.

बटणांच्या खाली आणखी रोचक मजकूर असतो. आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाला दुरुस्तीवाले 'पॉट' म्हणतात, म्हणजे पोटेन्शिओमीटर. अमेरिकन सुट्या भागांवर निर्मात्याचा आणि तारखेचा सांकेतिक आकडा ठोकण्याची पद्धत होती. पहिले तीन आकडे निर्मात्याचे: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी. पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. ३०४६६३४ असे दिसले, तर स्टॅकपोलने १९६६ च्या ३४ व्या आठवड्यात बनवलेला भाग. पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस वर्षासाठी एकच आकडा असे. १३७११२ यातला १ म्हणजे १९५१ असेल किंवा १९४१. तो कोणता, हे हा आकडा स्वतः सांगू शकत नाही, गिटारचे बाकीचे भाग सांगतात.

बटणांच्या जोडणीतही तारीख दडलेली आहे. ब्रॉडकास्टर आणि नोकास्टरमध्ये दुसरे बटण दोन पिकअपचे आवाज एकमेकांत मिसळण्यासाठी होते. १९५२ मध्ये जोडणी बदलली आणि ते बटण आवाजाचा तीक्ष्णपणा कमी करण्यासाठी वापरले जाऊ लागले. जुन्या मालकांनीही आपल्या गिटार अशा बदलून घेतल्या. म्हणून सोल्डरचे डाग पाहतात. मूळ डाग निस्तेज, एकसारखे, त्यावर सगळीकडे सारखी धूळ. एखादा डाग चकचकीत किंवा फुगीर असेल, तर तिथे नंतर कोणीतरी हात लावला आहे.

लॅकर काय सांगते?

त्या काळात या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारत. कापसासारख्या पदार्थातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून हा पदार्थ बनतो. तो पारदर्शक आणि लवकर वाळणारा असतो, पण स्थिर नसतो. वर्षानुवर्षे त्याचे हळूहळू विघटन होते आणि तो पिवळा पडतो. आज दिसणारा मधासारखा रंग काही प्रमाणात काळाने दिलेला आहे. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगते-आकसते आणि कडक झालेल्या लॅकरला बारीक तडे जातात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याने जाड पॉलिएस्टरचा लेप वापरायला सुरुवात केली. त्याला असे तडे सहसा जात नाहीत.

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला, तर जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर फिकट हिरवट-पिवळे चमकते. नंतर कुठे रंग भरला असेल तर तो भाग गडद किंवा वेगळ्या छटेचा दिसतो. नाव खरवडलेल्या जागीही हा फरक उघड होतो. मूळ कोऱ्या जागेवरचे लॅकर आसपासच्या लॅकरसारखेच चमकायला हवे. प्रयोगशाळेची सोय असेल, तर अवरक्त वर्णपट घेता येतो. नायट्रोसेल्युलोजमधील नायट्रेट गट सेंटिमीटरमागे साधारण १६५०, १२८० आणि ८४० या तरंगसंख्यांजवळ प्रारण शोषतो. पॉलिएस्टरचा वर्णपट निराळा असतो.

पण इथेही सावध राहायला हवे. नायट्रोसेल्युलोज लॅकर आजही मिळते. ते मारून, वस्तू एकदम थंड करून तडे पाडता येतात. म्हणजे पॉलिएस्टर सापडले, तर मूळ रंग नाही हे नक्की. नायट्रोसेल्युलोज सापडले, तर गिटार १९५१ ची असल्याचे सिद्ध होत नाही, फक्त ती शक्यता शिल्लक राहते. पुराव्याचे बळ असे दोन दिशांना वेगवेगळे असते. विद्यार्थ्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागतो. खरे तर संशोधकांनाही लागतो.

'याच्या आधी नाही'

आता सर्व पुरावे एकत्र ठेवू. एखाद्या थरात दहा नाणी सापडली, तर तो थर सर्वांत अलीकडच्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही. उरलेली नऊ नाणी कितीही जुनी असली तरी. गिटारलाही हाच नियम लागू पडतो. तिच्यातला सर्वांत नवा मूळ भाग सांगतो की गिटार 'याच्या आधीची नाही'. ती नेमकी केव्हाची, हे तो सांगत नाही.

याचे चांगले उदाहरण फेंडरच्याच इतिहासात आहे. १९६६ मध्ये कारखान्याने पॉटची मोठी खरेदी केली आणि तो साठा पुढे काही वर्षे पुरला. त्यामुळे १९६९ मध्ये बनलेल्या गिटारमध्येही १९६६ चे पॉट सापडतात. केवळ आकड्यावरून अशी गिटार १९६६ ची म्हणणारा तीन वर्षांनी चुकतो. आकडा खोटा नव्हता. त्याला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

नियमातला 'मूळ' हा शब्दही महत्त्वाचा आहे. १९५१ च्या गिटारमध्ये १९७४ चा पॉट सापडला, तर गिटार १९७४ ची ठरत नाही. पॉट बदलला असू शकतो. सोल्डरचे डाग, धूळ, तारांचे आवरण यांवरून ते ठरवावे लागते. पण लाकूड बदलत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत वातावरणातील अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण खूप वाढले, उत्तर गोलार्धात ते जवळजवळ दुप्पट झाले. त्या काळात आणि त्यानंतर वाढलेल्या झाडांच्या वलयांत ही खूण राहिली आहे. तथाकथित १९५१ च्या बांध्याच्या लाकडात हा जादा कार्बन-१४ सापडला, तर दुसरा पुरावा पाहण्याची गरजच नाही. न सापडला, तर मात्र एवढेच कळते की लाकूड जुने आहे. जुन्या टेबलाच्या फळीतूनही नवी गिटार कापता येते.

शेवटी निर्णय होतो तो अनेक स्वतंत्र पुरावे एकाच काळाकडे बोट दाखवतात तेव्हा. 'स्वतंत्र' यावर जोर द्यायला हवा. विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट आणि त्यानेच लिहून दिलेले पत्र हे दोन पुरावे नव्हेत, तो एकच आहे. पेन्सिलीची तारीख, स्क्रूची खाच, बटणांची जोडणी आणि लॅकरची चमक यांचा मात्र एकमेकांशी संबंध नाही. या चारही गोष्टी खोट्या करून एकमेकांशी जुळवणे फार अवघड आहे.

लाकडाच्या ठशांवरून

आतापर्यंत आपण 'ही गिटार कोणत्या काळची?' हा प्रश्न विचारला. कधीकधी प्रश्न असतो, 'ही तीच गिटार आहे का?' त्यासाठी लाकूडच कामाला येते. दोन झाडांची वलये सारखी नसतात. एकाच झाडाच्या दोन फळ्यांवरच्या रेषाही तंतोतंत जुळत नाहीत.

कॅनडाचे वादक रँडी बाकमन यांची १९५७ ची नारिंगी गिटार १९७६ मध्ये टोरांटोच्या एका हॉटेलातून चोरीला गेली. ती फेंडरची नव्हती, नावावर हक्क सांगणाऱ्या त्याच ग्रेच कंपनीची होती. त्यानंतर जवळजवळ ४५ वर्षे ते तिचा शोध घेत राहिले. २०२० मध्ये त्यांच्या एका चाहत्याने जुन्या चित्रफितींतून त्या गिटारची चित्रे काढली. नारिंगी रंगाखालून दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा आणि त्यातल्या बारीक खुणा त्याने इंटरनेटवरच्या गिटारच्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्या. चेहरे ओळखणाऱ्या संगणक प्रणालीत त्यासाठी त्याने फेरफार केले होते. माग थेट जपानला लागला. टोकियोतल्या एका वादकाने ती दुकानातून रीतसर विकत घेतली होती. ती चोरीची आहे हे त्याला ठाऊक नव्हते. बाकमन यांनी त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची दुसरी गिटार शोधून त्याला दिली आणि १ जुलै २०२२ रोजी टोकियोत आपली गिटार परत घेतली. रेषा जुळल्या नसत्या, तर हा व्यवहार घडलाच नसता.

कोणाच्या हातचे?

या तपासात हाती लागणारी एक गोष्ट किमतीत मोजता येत नाही. दांडीच्या झाकलेल्या टोकावर तारखेसोबत 'टी. जी.' अशी आद्याक्षरे १९५० च्या दशकातल्या अनेक गिटारवर सापडतात. ती तादेओ गोमेझ या कामगाराची. दांडीला आकार देणे हे त्यांचे काम. १९५६ मध्ये अबिगेल इबारा कारखान्यात आल्या. त्या पिकअपवर तांब्याची तार गुंडाळण्याचे काम पुढे अनेक दशके करत राहिल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. तार हाताने सोडावी लागते, तेव्हा वेढे किती घट्ट आणि कसे पसरलेले हे हातावर अवलंबून असते. वेढ्यांचा प्रवर्तकत्व आणि धारकत्व यांवर परिणाम होतो, आणि म्हणून आवाजावरही.

गिटारच्या तोंडावर छापलेले नाव कारखानदाराचे. वकिली अडचण आली की त्यातला शब्द कात्रीने कापता येतो. काम करणाऱ्यांनी आपली आद्याक्षरे मात्र अशा ठिकाणी लिहिली, जिथे गिटार वाजवणाऱ्याची नजर कधी जात नाही. बहुधा कामाचा हिशेब ठेवण्यासाठीच ती लिहिली गेली असावीत. आज एखाद्या गिटारचा इतिहास उलगडताना विश्वास ठेवण्याजोगी साक्ष त्यांचीच ठरते.

वर्गात करून पाहण्यासारखे

यातले दोन प्रयोग शाळेत सहज होतील. पहिला, एका लहान चुंबकाभोवती इनॅमल केलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे चारपाचशे वेढे द्या आणि टोके शाळेच्या ॲम्प्लिफायरच्या माइकच्या जागी जोडा. टोकांवरचे इनॅमल आधी खरवडायला विसरू नका. चुंबकाच्या वर एका फळीवर ताणलेली सतारीची पोलादी तार छेडा. मग तिच्या जागी तंबोऱ्याची पितळी तार लावून छेडा. एक बोलते, दुसरी गप्प राहते. का, हे मुलांना सांगू द्या.

दुसरा प्रयोग तपासाचा. शाळेतली एखादी जुनी वस्तू घ्या. भिंतीवरचे घड्याळ, हार्मोनियम, लोखंडी कपाट, प्रयोगशाळेतला तराजू, काहीही चालेल. ती किती जुनी आहे याबद्दल शाळेत सांगितली जाणारी गोष्ट आधी फळ्यावर लिहा. मग मुलांच्या गटांना वस्तू नीट पाहू द्या. स्क्रू कोणत्या खाचेचे आहेत? पत्त्यात पिनकोड आहे का? भारतात पिनकोड १९७२ मध्ये सुरू झाला. मोजमाप इंचात आहे की सेंटिमीटरमध्ये? किमतीत आणे आहेत की नवे पैसे? दशमान नाणी १९५७ मध्ये आली. कोणता भाग मागाहून बदललेला दिसतो? प्रत्येक निरीक्षणापुढे दोन रकाने करा: 'याच्या आधीची नाही' आणि 'याच्या नंतरची नाही'. जिथे काहीच सांगता येत नाही, तिथे रकाना कोरा ठेवायला सांगा. शेवटी फळ्यावरची गोष्ट आणि हे रकाने शेजारी ठेवून मुलांना विचारा, की या गोष्टीतले किती टिकले.